पाण्यात फुटणारी राव्हिओली

प्रश्न : ताई, रविवारी नौपाड्यात आम्ही चार मैत्रिणींनी पालक-पनीरची राव्हिओली (सारण भरलेला इटालियन पास्ता) केली. पाण्यात सोडताच निम्मी फुटली. कुठे चुकलं?

उत्तर : पालक नीट पिळला नसणार. वाफवून गार झाला की पंच्यात बांधून घट्ट पिळा. ओल्या सारणानं पारी भिजून फाटते. दुसरं कारण आत कोंडलेली हवा, ती उकळताना फुगते. सारणाभोवती बोटांनी दाबत हवा काढा, मग करंजीसारखं कडेला पाण्याचं बोट फिरवून चिकटवा. पारीच्या पिठाला १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं, मळून अर्धा तास झाकलेलं. पाणी खळखळतं नको. आणि पंखा बंद! माझ्या वाशीच्या स्वयंपाकघरात एकीनं लाटलं की दुसरी लगेच भरते. सुकलेली कड चिकटतच नाही.