तुम्ही विचारा : राजधानी घेऊनसुद्धा थाल्मोर हरले कसे?

गेल्या अंकात स्कायरिमबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळची सगळी जागा त्यालाच देतोय. गेम 2011 सालचा, तरी आपल्याकडं अजून एवढी पोरं तो मनापासून खेळतायत आणि नुसते ड्रॅगन मारत न बसता त्यातली पुस्तकं पण वाचतायत, हे बघून लई बरं वाटलं. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोष्ट घडते चौथ्या युगाच्या 201 साली. त्याच्या तीस वर्षं आधी, 171 मध्ये, एल्फ लोकांच्या आल्डमेरी डोमिनियननं माणसांच्या साम्राज्यावर स्वारी केली आणि ते युद्ध 175 पर्यंत चाललं. डोमिनियनचा कारभार हाकणारी मंडळी म्हणजे थाल्मोर. सिरोडिल म्हणजे साम्राज्याचा मधला प्रांत, राजधानी इम्पीरियल सिटी तिथंच, आणि हॅमरफेल हा त्याच्या शेजारचा प्रांत. याचा इतिहास गेममध्येच एका पुस्तकात सापडतो, लिहिणारा साम्राज्याच्या दहाव्या लीजनचा (लीजन म्हणजे साम्राज्याच्या सैन्याची मोठी तुकडी) अधिकारी, स्वतः लढलेला आणि जखमी झालेला, त्यामुळं ही एका बाजूची बखर आहे एवढं ध्यानात ठेवून वाचायची.

प्रश्न : दादा, मी अकरावीला आहे, स्कायरिम दुसऱ्यांदा खेळतोय. थाल्मोरनी एकाच वेळी हॅमरफेल आणि सिरोडिल अशा दोन्हीकडं हल्ला केला. आमचे सर म्हणतात दोन आघाड्या उघडणारा मरतो. मग थाल्मोर एवढे हुशार असून असं का केलं? आणि राजधानी घेतली तरी शेवटी हरले कसे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, प्रश्न एक नंबर आहे. सरांचं म्हणणं साधारणपणे बरोबरच आहे, पण दोन आघाड्या उघडणं आणि एका आघाडीवर शत्रूला नुसतं अडकवून ठेवणं यात फरक आहे, आणि तुझं उत्तर त्या फरकातच आहे.

सुरुवातीपासून बघू. 171 च्या शेवटी थाल्मोरचा वकील बादशहा टायटस मीडच्या दरबारात आला, सोबत झाकलेला गाडा. मागण्या चार : प्रचंड खंडणी द्या, ब्लेड्स बरखास्त करा, टॅलोस या देवाची पूजा बंद करा आणि हॅमरफेलचा मोठा भाग आम्हाला तोडून द्या. बादशहानं नकार दिला तसा वकिलानं गाडा उलटा केला आणि जमिनीवर शंभरावर मुंडकी घरंगळली. समरसेट आणि व्हॅलेनवूड या डोमिनियनच्या मुलखांत ब्लेड्सची जेवढी माणसं होती तेवढी सगळी! बहुतेक जण हा प्रसंग दहशत म्हणून वाचतात. मला त्यात आधी कामाचा हिशोब दिसतो. ब्लेड्स म्हणजे बादशहाचे डोळे आणि कान, आपल्याकडं बहिर्जी नाईकांची माणसं असावीत तसे. ते डोळे आधी फोडले, मगच सैन्य हललं. डोमिनियनच्या हद्दीत काय जमवाजमव चाललीय हे साम्राज्याला कळायची सोयच ठेवली नाही, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही फौजा सरहद्द ओलांडून आत.

आता नकाशा डोळ्यासमोर आण. थाल्मोरचा सेनापती लॉर्ड नारिफिन उत्तर एल्सवेअरमधून सिरोडिलमध्ये घुसला. त्यांचीच दुसरी फौज घेऊन लेडी अरान्नेल्या व्हॅलेनवूडमधून निघाली, पश्चिम सिरोडिल आडवं कापलं, वाटेत अँव्हिल आणि क्वॅच ही दोन शहरं होती त्यांना हातसुद्धा लावला नाही, बाजूनं निघून गेली ती थेट हॅमरफेलमध्ये. शिवाय हॅमरफेलच्या दक्षिण किनाऱ्यावर छोट्या तुकड्या जहाजांनी उतरवल्या. वाटेतला किल्ला न घेता पुढं जाणं धोक्याचं असतं कारण पाठीमागून रसद तुटू शकते, पण तिला वेळ हवा होता. हॅमरफेलमधल्या लीजनला किनाऱ्याकडून आणि पूर्वेकडून एकदम चेपायचं होतं आणि ते जमलंसुद्धा, त्या लीजनला अलिकर वाळवंटातून माघार घ्यावी लागली, तिला पुढं तहानेची वाटचाल असं नावच पडलं.

म्हणजे मूळ डाव हॅमरफेलचा होता. पुस्तक लिहिणारा अधिकारीही तेच सांगतो, की सिरोडिलवरचा हल्ला फक्त लीजन तिथं गुंतवून ठेवायला होता. गाड्यातून मुंडकी आणणाऱ्या वकिलाच्या मागण्यांत जमीन फक्त हॅमरफेलची होती, त्यामुळं मला हे पटतं. नारिफिनचं काम धरून ठेवायचं, अरान्नेल्याचं काम घ्यायचं. याला दोन आघाड्यांची चूक म्हणता येत नाही, कुस्तीत एका हातानं मनगट धरतात आणि दुसऱ्यानं पट काढतात तसला डाव आहे हा, खासबागेत बघितला असशील.

घोटाळा पुढं झाला. मनगट धरायला गेलेला हात भलताच यशस्वी झाला. नारिफिननं लेयाविन घेतलं. लेयाविन कुठं आहे बघ, नायबेन नदीच्या मुखाशी, आणि हीच नदी वर वर गेलं की राजधानीच्या तळ्यापर्यंत पोचते. समज आपल्या नदीतून जहाजं चालत असती आणि कुणी नरसोबावाडीचा संगम धरून बसला असता, तर त्याला कोल्हापूरचा रस्ता पाण्यानं मोकळा झाला असता, तसंच हे. लेयाविननंतर ब्राविलला वेढा, 172 मध्ये ब्राविल पडलं, अँव्हिलसुद्धा पडलं, आणि वर्षाखेरीस फौज इम्पीरियल सिटीच्या भिंतींपाशी. इथं थाल्मोरना वाटलं की अरे हे साम्राज्य तर पोकळ निघालं, मग किनारा कशाला, सगळंच घेऊ. गुंतवून ठेवायची आघाडी मुख्य झाली आणि मुख्य आघाडी मागं पडली. माझ्या मते युद्ध तिथंच फिरलं, 175 ची लढाई हा त्याचा नंतर आलेला निकाल.

कारण हॅमरफेलचं काम अर्धंच झालं होतं. दक्षिण किनारा हातात आला पण हेगाथ शहर पडलं नव्हतं. हेगाथ क्राउन लोकांचं आणि सेंटिनेल फोअरबेअर लोकांचं, ह्या दोन गटांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. 173 च्या सुरुवातीला सेंटिनेलची फौज आली आणि तिनं हेगाथचा वेढा फोडला! जुने भाऊबंद एक झाले. त्याच वर्षी अरान्नेल्या वाळवंट ओलांडून स्कावेनपर्यंत पोचली, शहरही तिला मिळालं, पण साम्राज्याच्या जनरल डेसियानसशी झालेल्या झुंजीत तिची फौज एवढी झिजली की पुढं एक पाऊल टाकता येईना. तिला कुमक हवी होती तेव्हाच 174 मध्ये थाल्मोरनी हाताशी होतं नव्हतं तेवढं सगळं सैन्य सिरोडिलमध्ये ओतलं. एकच घाव घालायचा आणि युद्ध संपवायचं असा जुगार.

घाव बसला पण, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी राजधानी पडली. मात्र शहराच्या आत बादशहाची मुख्य फौज नव्हती, ती आधीच कडं फोडून उत्तरेला निघून गेली होती. थाल्मोरच्या हातात जळालेला राजवाडा आणि लुटलेला मनोरा आला, आणि ती प्रचंड फौज चारी बाजूंनी परक्या मुलखात एका बेटावरच्या शहरात बसून राहिली. पुढच्या वर्षी त्याच शहरात ती घेरली गेली आणि संपली. आणि एक गोष्ट मला सारखी खटकते, ज्यांनी ब्लेड्स मारून समोरच्याचे डोळे फोडले होते त्यांना स्वतःला चोरोलच्या डोंगरात डेसियानसची अख्खी फौज लपलीय याचा पत्ता नव्हता.

प्रश्न : बादशहा राजधानी सोडून पळाला, लोकांना मरायला ठेवलं. तरी काही लोक त्याला हुशार म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. तुमचं मत काय?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुमचा राग मी समजू शकतो, शहरात मागं राहिलेल्यांचे जे हाल झाले ते भयंकर होते आणि ते कुणी विसरू नये. पण तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, तुम्हाला पन्हाळा सांगायला नको.

1660 साली मार्चमध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन मदतीला आले, पावसाळा लागला तरी वेढा ढिला होईना. महाराजांनी शरण येतो असा निरोप पाठवला, वेढ्यातली माणसं थोडी सैलावली, आणि 12 जुलैच्या रात्री महाराज बाहेर पडले. शिवा काशिद पालखीत बसून सिद्दीच्या हाती लागले, बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली. पुढं सप्टेंबरात पन्हाळा आदिलशाहीला देऊनही टाकला. गड गेला, राजा आणि राज्य राहिलं. याला आपल्यापैकी कुणी पळणं म्हणत नाही.

मी पन्हाळा ते पावनखिंड पायी गेलोय, जुलैतच. राजदिंडीतून खाली उतरलो की पहिल्या अर्ध्या तासातच बुटात चिखल भरतो, मसाई पठारावर धुकं एवढं की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसते, आणि वारा पाऊस आडवा मारतो. आमच्याकडं टॉर्च होते, दिवस होता, मागं कुणी लागलं नव्हतं, तरी दम निघाला. तेव्हापासून गेममध्ये आठव्या लीजनचा उल्लेख आला की मी थांबतोच. ते लोक राजधानीच्या तटावर मागं राहिले, परत येणार नाही हे माहीत असून, आणि त्यामुळं बादशहा उत्तरेकडचं कडं फोडून, स्कायरिमहून कुमक घेऊन आलेल्या जनरल जोनाच्या फौजेला जाऊन मिळाला.

टायटसला कुठल्याही सेनापतीनं राजधानी सोडा असं सांगायची हिंमत केली नव्हती, तो निर्णय त्याचा एकट्याचा. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात थाल्मोरनी बोलणी लावली तेव्हा त्यानं आपण शरण यायच्या विचारात आहोत असं त्यांना भासू दिलं आणि मागं तीन फौजा उभ्या केल्या : पश्चिमेला डेसियानस, पूर्वेला चेडिनहालपाशी जोना आणि उत्तरेला स्वतः. डेसियानस आणि जोनानं शहराभोवती कडं पूर्ण केलं, बादशहा उत्तरेकडून आत शिरला, नारिफिन दक्षिणेला फुटून निघायला बघत होता तर जोनाच्या दमलेल्या नॉर्ड (म्हणजे स्कायरिमच्या) लोकांच्या ढालींनी त्याला अडवलं. 174 मध्ये टायटस निसटला आणि 175 मध्ये नारिफिनला निसटता आलं नाही, दोन्ही वेळी शहर तेच.

तरी तुमच्या बाजूनं एक गोष्ट मी मान्य करतो. महाराज बाहेर पडले तेव्हा गडाखाली लाखभर रयतेचं शहर नव्हतं. टायटसनं जे मागं ठेवलं त्याची किंमत जास्त होती.

प्रश्न : स्कायरिममधला बंडखोर सरदार उल्फ्रिक यानं थाल्मोरच्या कैदेत तोंड उघडलं म्हणून राजधानी पडली, हे खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. थाल्मोरच्याच कागदपत्रात, जे गेममध्ये त्यांच्या वकिलातीत हाताला लागतं, स्पष्ट लिहिलंय की तो फुटायच्या आधीच शहर पडलं होतं. त्याला मुद्दाम तसं वाटू दिलं, म्हणजे तो आयुष्यभर ते ओझं वाहील. लढाई हरल्यावर माणसं वापरायची ही त्यांची पद्धत, आणि ती त्यांच्या सैन्यापेक्षा जास्त चालली.

प्रश्न : दादा, जनरल डेसियानसला हॅमरफेल सोडून सिरोडिलला यायचा हुकूम झाला. मग त्यानं आपले कितीतरी सैनिक 'जायबंदी' म्हणून नोकरीतून मोकळे केले, ते खरंच जखमी होते का? आणि हे हुकूम मोडणं नाही का?
— एक वाचक, कागल (मी मिलिटरीत जायची तयारी करतेय)

उत्तर : ताई, तुमच्या तयारीला आधी मनापासून शुभेच्छा. कागदावर ते सगळे जायबंदी होते. तेच लोक हॅमरफेलच्या नव्या फौजेचा कणा झाले आणि 174 च्या शेवटाला अरान्नेल्याला त्यांनी वाळवंटापार हाकललं, यावरून काय ते समजा. हुकूम त्यानं अक्षरशः पाळला, लीजन घेऊन तो पूर्वेला गेलाच आणि रेड रिंगच्या लढाईत, म्हणजे 175 ला राजधानी परत घेतली त्या लढाईत, पश्चिमेकडून शत्रूवर तोच तुटून पडला. पण मागं मुलूख उघडा टाकायचा नाही म्हणून जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यानं केलं. पावती कुणी देणार नाही हे त्याला माहीत असणार. मला सगळ्या युद्धात हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

त्याचं फळ तहानंतर दिसलं. 175 मध्ये लढाई जिंकूनसुद्धा दमलेल्या बादशहानं तह केला, आणि अटी जवळपास त्याच ज्या गाड्यातून मुंडकी आणणाऱ्या वकिलानं मागितल्या होत्या, दक्षिण हॅमरफेल देण्यासकट. हॅमरफेलनं तो तह मानला नाही, तेव्हा साम्राज्यानं त्यांना आपल्यातून काढून टाकलं. रेडगार्ड, म्हणजे हॅमरफेलचे लोक, एकटे लढत राहिले, अजून पाच वर्षं, मुलूख पार उद्ध्वस्त झाला. 180 मध्ये स्ट्रॉस मकायचा दुसरा तह झाला आणि डोमिनियनची फौज तिथून निघून गेली, त्याच किनाऱ्यावरून ज्याच्यासाठी 171 मध्ये हे सगळं सुरू केलं होतं.