पहिल्या महायुद्धातल्या कोणत्या ऑस्ट्रेलियन घोडेस्वार सैनिकाबद्दल वाचण्यासारखं आहे?

माझं उत्तर: हॅरी शोव्हेल. १८६५ साली न्यू साउथ वेल्समधल्या टॅब्युलम इथे, गुरंढोरं पाळणाऱ्या घरात जन्म. घोड्यावर बसणं हे रोजचंच काम. पुढे दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध, मग तुर्कस्तानातलं गॅलिपोली. तिथे त्यांचे स्वार घोड्यांविना, खंदकात लढले.

पण माणूस कळतो तो ३१ ऑक्टोबर १९१७ ला, पॅलेस्टाइनमधल्या बीरशेबा गावी. दिवस कलत आलेला, घोडे तहानलेले आणि पाण्याच्या विहिरी तुर्की फौजेच्या ताब्यात. अंधार पडण्याआधी गाव घेतलं नाही तर माघार अटळ. सेनापती शोव्हेलनी चौथ्या लाइट हॉर्स ब्रिगेडला, म्हणजे ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांच्या एका तुकडीला, थेट चाल करायला सांगितलं. सुमारे ८०० स्वार उघड्या मैदानातून दौडले. त्यांच्याकडे तलवारी नव्हत्या, म्हणून बंदुकीची संगीनच हातात धरली होती! वेग इतका की तुर्की तोफांचा आणि बंदुकांचा नेम चुकत गेला. गाव पडलं, बहुतेक विहिरी शाबूत मिळाल्या.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण १९१८ मध्ये त्यांच्याच हाताखालच्या डेझर्ट माउंटेड कोअर या घोडदळाच्या फौजेत पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळाच्या पलटणी होत्या, हैफा जिंकणारे जोधपूर-म्हैसूरचे भालाईतही होते.

१९२९ मध्ये ते पूर्ण जनरल झाले, हा हुद्दा मिळवणारे पहिले ऑस्ट्रेलियन. १९४५ मध्ये गेले. युद्धावर गेलेल्या ऑस्ट्रेलियन घोड्यांपैकी मायदेशी परतला फक्त एक, सँडी.