वाचकांचे प्रश्न : सेंट पीटर्सबर्ग, १९१४

गेल्या अंकातील सेंट पीटर्सबर्ग येथील १९१४ च्या बुद्धिबळ स्पर्धेवरील लेख वाचून अनेकांनी पत्रे पाठवली. त्यांतील तीन प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, २१ एप्रिल ते २२ मे या काळात ११ खेळाडूंची प्राथमिक फेरी झाली, तिच्यातील पहिले पाच जण अंतिम फेरीत एकमेकांशी दोन-दोन डाव खेळले, आणि प्राथमिक फेरीचे गुण पुढेही धरले गेले.

प्रश्न : लास्करने बरोबरीकडे जाणारी सुरुवात मुद्दाम निवडून कापाब्लांकाला गाफील ठेवले, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे कितपत खरे आहे? (सांगली)

उत्तर : या समजुतीत तथ्य आहे, पण ते थोडे. प्राथमिक फेरीअखेर २५ वर्षांचा कापाब्लांका ८ गुणांवर होता आणि ४५ वर्षांचा जगज्जेता लास्कर साडेसहावर. अंतिम फेरीत लास्करने हे अंतर कमी करत आणले होते, तरीही १८ मे रोजी दोघे समोरासमोर आले तेव्हा कापाब्लांकाला बरोबरी चालण्यासारखी होती आणि लास्करला जिंकणे भाग होते. अशा वेळी लास्करने रुय लोपेझ या प्रसिद्ध सुरुवातीत चौथ्याच चालीला उंट देऊन घोडा घेतला आणि सातव्या चालीपर्यंत वजीरही पटावरून गेले. जिंकायला निघालेला माणूस असे करील, हे बघणाऱ्यांना पटेना. त्यातूनच मानसशास्त्राची ही कथा पसरली.

मात्र ही पद्धत लास्करने त्या दिवसापुरती शोधून काढली नव्हती. १९०८ मध्ये टाराशविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील पहिला डाव त्याने हिच्याच आधारे जिंकला होता. शिवाय हिला बरोबरीची सुरुवात म्हणणेच मुळात चुकीचे आहे. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिनांसमोर उभी राहतात आणि त्यांतून एक प्यादे मोकळे, म्हणजे समोर अडवणारे शत्रूचे प्यादे नसलेले, सुटू शकते. वजिराच्या बाजूला काळ्याकडेही चार असतात, पण त्यांतील दोन एकाच पट्टीत अडकलेली असल्यामुळे तेथे मोकळे प्यादे निघणे फार कठीण. म्हणजे मोहरी जसजशी कमी होत जातात तसतसा पांढऱ्याचा फायदा वाढतो. काळ्याजवळ त्याच्या मोबदल्यात दोन उंट असतात, परंतु ते कामाला लावायचे तर त्याने धडाडीने खेळले पाहिजे. बरोबरीवर समाधान मानून स्वस्थ बसणाऱ्याला ही स्थिती हळूहळू गिळते, आणि कापाब्लांका त्या दिवशी नेमका स्वस्थ बसला.

डावातील खरी ठिणगी पांढऱ्याच्या बाराव्या चालीत आहे. काळ्याने नुकतेच प्यादे एफ-६ वर आणले होते (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग), तेव्हा लास्करने आपले प्यादे एफ-५ वर ढकलले. शास्त्राप्रमाणे ही चाल वाईट ठरते, कारण ई-५ हे घर काळ्याला आंदण मिळते, ई-४ वरचे प्यादे मागे राहते आणि चार विरुद्ध तीन प्याद्यांच्या फायद्याची धारही बोथट होते. पण तिने ई-६ या घरावर कायमचा हक्क सांगितला. पुढच्याच चालीला लास्करने उंटांची अदलाबदल देऊ केली. कापाब्लांकाने एफ-४ वर स्वतः उंट मारला असता तर बरे झाले असते, असे पुढच्या बहुतेक टीकाकारांचे मत आहे. त्याने तसे न करता दुसरा उंट बी-७ वर नेला आणि डी-६ वर अदलाबदल होऊ दिली. त्यामुळे एकाच पट्टीत अडकलेली त्याची जोडप्यादी सुटली हे खरे, पण डी-६ चे प्यादे उघड्यावर पडले आणि ई-६ वरचा पहारेकरी उंटही हातचा गेला. लास्करचा घोडा डी-४ वरून सोळाव्या चालीला ई-६ वर येऊन बसला, आणि त्यानंतर तब्बल वीस चाली तो तेथून हलला नाही. काळ्याचे हत्ती एका रांगेत दाटीवाटीने फिरत राहिले. बी-७ चा उंट तर ए-८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला.

एवढे झाल्यावर लास्करने घाई केली नाही. त्याने राजाच्या बाजूची प्यादी पुढे नेली, एच-पट्टी उघडली आणि दोन्ही हत्ती तिच्यावर आणून ठेवले. मग पस्तिसावी चाल आली. आतापर्यंत मागे राहिलेले, सगळ्यांच्या मते दुबळे असलेले ई-प्यादे त्याने ई-५ वर फुकट देऊन टाकले, ते केवळ सी-३ वरच्या दुसऱ्या घोड्याला ई-४ हे घर मिळावे म्हणून. दोन चालींनी ई-६ चा घोडा सी-५ वर गेला आणि त्याने घोड्याच्या मोलात हत्ती मिळवला. बेचाळिसाव्या चालीनंतर कापाब्लांकाने डाव सोडला. बाराव्या चालीत पत्करलेला कमकुवतपणाच पस्तिसाव्या चालीत उपयोगी पडला, ही गोष्ट मला मानसशास्त्राच्या साऱ्या चर्चेपेक्षा मोलाची वाटते. मानसिक धक्का बसला तो नंतर : पुढच्या डावात कापाब्लांका टाराशकडूनही हरला. शेवटी लास्करचे साडेतेरा गुण झाले आणि कापाब्लांकाचे तेरा.

प्रश्न : निम्झोविचविरुद्ध टाराशने दोन उंटांचा बळी देऊन जिंकलेल्या डावाला सौंदर्याचे पहिले पारितोषिक का मिळाले नाही? (नाशिक)

उत्तर : पहिले पारितोषिक कापाब्लांकाच्या बर्नस्टाइनविरुद्धच्या डावाला देण्यात आले आणि टाराशच्या वाट्याला दुसरे आले. लास्करने १८८९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे बाउअरविरुद्ध असेच दोन्ही उंट देऊन डाव जिंकला होता, म्हणून कल्पना नवी नाही असे परीक्षकांनी मानले, असे त्याचे कारण सांगितले जाते. तसे असेल तर तो न्याय मला कोता वाटतो. बळींचा क्रम सारखा असला तरी टाराशच्या डावाचे मर्म बळींच्या आधी, अठराव्या चालीत आहे. प्यादे डी-४ वर सरकवून त्याने सी-६ च्या उंटाची तिरकी वाट मोकळी केली, आणि पांढऱ्याने ते प्यादे मारताच एकोणिसाव्या चालीला एच-२ वर व एकविसाव्या चालीला जी-२ वर उंट पडले. हा दुसरा उंट राजाने खाल्ला असता तर हत्ती डी-५ मार्गे एच-पट्टीत येऊन वजीर गिळंकृत करणार होता. शिवाय बाउअरविरुद्धच्या डावात बळींचे फळ मोहऱ्यांच्या हिशेबात मिळते, तर येथे पांढरा राजा स्वतःच्या घरातून ओढत थेट डी-७ पर्यंत, म्हणजे काळ्याच्या तळापर्यंत नेला जातो. तेथे बत्तिसाव्या चालीला त्याला मात देणारा उंटही तोच, जो मघाशी एफ-१ वर हत्ती खाऊन थांबला होता आणि आता तिरकस मागे बी-५ वर येतो.

निम्झोविचचे ग्रह त्या स्पर्धेत एकूणच वक्री होते. ७२ वर्षांच्या ब्लॅकबर्नने पहिल्याच चालीला ई-३ असे बिनघोर प्यादे सरकवून त्याला हरवले आणि त्या डावाबद्दल खास पारितोषिक मिळवले.

प्रश्न : झार निकोलस दुसरा याने अंतिम फेरीतील पाच जणांना ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी दिली, हे खरे आहे का? (पणजी)

उत्तर : पुराव्याने सिद्ध होत नाही. ही हकीकत प्रामुख्याने त्या पाचांपैकी एक असलेल्या मार्शलच्या १९४२ साली निघालेल्या आत्मचरित्रामुळे पसरली. १९१४ मधील एकाही वृत्तांतात तिचा उल्लेख इतिहासकारांना सापडलेला नाही. हा शब्दही तेव्हा नवा नव्हता, कारण १९०७ च्या ऑस्टेंड येथील स्पर्धेत तो वापरला गेला होता. अधिकृत पदवी जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये २७ हयात खेळाडूंना प्रथमच दिली. तोपर्यंत लास्कर, कापाब्लांका, अलेखिन, टाराश आणि मार्शल हे पाचही जण निवर्तले होते. सेंट पीटर्सबर्गच्या अकरा जणांपैकी त्या यादीत आले ते बर्नस्टाइन आणि रुबिनस्टाइन, आणि त्या दोघांनाही १९१४ मध्ये अंतिम फेरी गाठता आली नव्हती.