बाहेरून नेम न लागणाऱ्या स्टार खेळाडूचा बास्केटबॉल संघाने उपयोग कसा करावा?

अशा खेळाडूला तीन गुणांच्या रेषेबाहेर नुसते उभे ठेवणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्याचा बचावपटू त्याला मोकळा सोडून सरळ रिंगखाली जाऊन थांबतो आणि बाकी चौघांच्याही वाटा बंद होतात. अमेरिकेच्या NBA लीगमधील मिलवॉकी बक्स संघाने आपला स्टार यानिस आंतेतोकुनपो याच्यासाठी 2018 मध्ये ब्रुक लोपेझ हा दुरून नेम साधणारा उंच सेंटर आणून रेषेबाहेर ठेवला; त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटरला रिंग सोडून यावे लागे आणि यानिसला आत घुसायला जागा मिळे. 2021 च्या NBA अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात यानिसने 50 गुण केले, त्यांतले 17 फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींवर (तेही एरवी त्याचे दुखणेच!).

चेंडू हाती नसताना अशा खेळाडूने नेमबाज साथीदारासाठी स्क्रीन लावावी, म्हणजे साथीदाराच्या बचावपटूच्या वाटेत उभे राहून त्याला अडवावे. NBA मधल्याच गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या खेळात नेमबाज स्टीफन करीवर दोघे बचावपटू धावले, की चेंडू स्क्रीन लावणाऱ्या ड्रेमंड ग्रीनकडे येतो आणि पुढे चार विरुद्ध तीन अशी स्थिती तयार होते. फ्री थ्रोचा सराव मात्र टाळता येत नाही, अन्यथा अखेरच्या मिनिटांत प्रतिस्पर्धी मुद्दाम त्यालाच फाउल करतात.