वाचकांचे प्रश्न : व्हेंटिलेटरची हवा फुप्फुसात नेमकी जाते कुठे?

मागच्या अंकात न्यूमोनियावर लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले आणि त्यातले निम्मे व्हेंटिलेटरबद्दलचेच आहेत, म्हणून यावेळी तेवढेच घेतेय.

प्रश्न : माझे बाबा न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी त्यांना तासन्‌तास पालथं झोपवलं, छातीला एक पट्टा बांधला आणि स्क्रीनवर निळं-पांढरं चित्र हलताना दिसायचं. "फुप्फुस छोटं झालंय" असं म्हणाले. बाबा आता घरी आहेत, बरे आहेत, पण ते सगळं काय होतं हे अजून कळलेलं नाही. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, बाबा घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर तुम्हाला जे आकडे दिसायचे ना, 400 मिली हवा, प्रेशर 26 वगैरे, ते मशीन आणि नळीच्या बाजूला मोजलेले असतात. आत 400 मिली गेली एवढंच त्यातून कळतं, ती आत गेल्यावर कुठे गेली हे कळत नाही, आणि आजारी फुप्फुसात सगळा खेळ त्या 'कुठे'चाच आहे. आपल्या जुन्या बिल्डिंगमधलं पाणी बघा, तळमजल्यावर धो धो आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार, मग वरच्यांना मिळावं म्हणून मोटरचं प्रेशर वाढवलं की वर पाणी पोचायच्या आधी खालचाच पाइप फुटतो. व्हेंटिलेटरवर हीच भीती असते, म्हणजे बंद पडलेला भाग उघडत नाही आणि जो चांगला आहे तोच जास्त ताणला जाऊन खराब होतो.

हे कळलं कसं, तर चित्रं काढून. एआरडीएस म्हणजे दोन्ही फुप्फुसांत पाणी उतरून ऑक्सिजन एकदम पडतो तो आजार, त्याचं वर्णन 1967 मध्ये झालं, पण साध्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या दिसायच्या त्यामुळे सगळे समजायचे की आजार सगळीकडे सारखाच पसरलाय. 1980 च्या दशकात इटलीत लुचानो गॅटिनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंटचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा दिसलं की उताण्या पेशंटचा पाठीकडचा भाग दबून बंद झालाय आणि छातीकडचा बऱ्यापैकी उघडा आहे. म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीत हवा घेऊ शकणारं फुप्फुस पाच-सहा वर्षांच्या पोराएवढंच शिल्लक! त्याला बेबी लंग म्हणतात, तुमचे डॉक्टर म्हणाले ते छोटं फुप्फुस हेच. मग त्या छोट्या फुप्फुसात मोठ्या माणसाची हवा कोंबायची कशाला, हा साधा विचार होता, आणि 2000 साली अमेरिकेतल्या 861 पेशंटच्या अभ्यासात तो खरा ठरला. किलोमागे 12 मिलीऐवजी 6 मिली हवा दिली तर मृत्यूचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त हवा कमी केली. मला आजही हे वाचलं की अंगावर काटा येतो.

पालथं झोपवण्यामागेही हेच आहे. पाठीकडे फुप्फुसाचा जास्त भाग असतो आणि उताणं असताना हृदयाचं आणि पाणी भरलेल्या फुप्फुसाचं वजन त्याच्यावर येतं, पालथं केलं की तो मोकळा होतो, रक्त तर तिथे जातच असतं, मग हवा आणि रक्ताची गाठ पडते. 2013 च्या फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासात रोज निदान 16 तास पालथं ठेवलेल्या गंभीर पेशंटमध्ये 28 दिवसांतले मृत्यू 32.8 वरून 16 टक्क्यांवर आले. नातेवाईकांना ते बघवत नाही हे मला माहितीये, चेहरा सुजतो, नळ्यांची भीती वाटते, पण त्या तासांत खूप काही होत असतं.

आता पट्टा. त्याला ईआयटी म्हणतात, इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी. पट्ट्यात 16 किंवा 32 इलेक्ट्रोड असतात, त्यातून अगदी हलका करंट सोडतात, पेशंटला काहीच जाणवत नाही. हवेतून करंट नीट जात नाही, त्यामुळे श्वास भरला की तिथला अडथळा वाढतो आणि कॉम्प्युटर त्यावरून सेकंदाला 50 पर्यंत चित्रं तयार करतो. सीटीइतकं स्पष्ट नसतं, पट्ट्याच्या आसपासचाच थर दिसतो, पण रेडिएशन नाही आणि एवढ्या आजारी माणसाला लिफ्टमधून स्कॅनला न्यावं लागत नाही, बेडवरच श्वासागणिक दिसतं. बाबांना पालथं केल्यावर पाठीकडे हवा जायला लागली का, हे डॉक्टर त्यात बघत असणार.

प्रश्न : मी पवईला एम.टेक. करतोय, मेकॅनिकल. व्हेंटिलेटरवरच्या फुप्फुसातला एअरफ्लो सिम्युलेट करायचाय. पूर्ण फुप्फुसाचं सीएफडी (म्हणजे हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) करता येईल का?

पूर्ण नाही रे, आणि तसा हट्टही धरू नकोस. श्वासनलिकेपासून खाली साधारण 23 वेळा फाटे फुटतात, प्रत्येक वेळी दोन धरले तर शेवटी 84 लाखांच्या आसपास नळ्या होतात (योनी म्हणतात तेवढ्याच), एवढ्यांची मेश (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे) कोण करणार. सीटीत सुरुवातीचे काही फाटेच नीट दिसतात. म्हणून लोक काय करतात, की दिसणाऱ्या नळ्यांचं थ्री-डी सीएफडी आणि प्रत्येक नळीच्या टोकाला रेझिस्टन्स-कम्प्लायन्सचं, म्हणजे हवेला होणारा अडथळा आणि फुप्फुस किती ताणलं जातं याचं, साधं मॉडेल जोडतात. थ्री-डी कुठे लागतंच ते गणित करून बघ, पेशंटच्या घशातून घातलेली 8 मिमीची नळी आणि मिनिटाला 60 लिटर फ्लो धरलास तर वेग येतो सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या वर, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) 10,000 च्या घरात, पूर्ण टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता. आणि अगदी खोल वायुकोशांजवळ एकूण रुंदी इतकी वाढलेली असते की वाहणं जवळपास थांबतं आणि वायू नुसत्या डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत, सरकतात. दोन टोकांना दोन वेगळी फिजिक्स आहेत, एकच समीकरण सगळीकडे लावू नकोस.

सीटीतून नळ्या काढायला थ्री-डी स्लायसर, फ्लोसाठी ओपनफोम, ईआयटीसाठी आयडॉर्स, सगळं फुकट मिळतं. पण खरं काम पुढे आहे, तुझं मॉडेल पेशंटच्या ईआयटीशी जुळतं का ते बघणं. नुसती रंगीत चित्रं सुंदर येतात, त्यावर भाळू नकोस. हवा एका भागातून दुसऱ्या भागात आतल्या आत सरकते, पेंडेलुफ्ट म्हणतात, ती मशीनच्या आकड्यात कधीच दिसत नाही, मॉडेल आणि ईआयटी दोन्हीकडे ती एकाच जागी सापडली तर तुझ्या कामाला अर्थ आहे. आणि पेशंटचा डेटा घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी, ती पहिल्याच महिन्यात मागायला घे.

प्रश्न : माझ्या आईचं वजन 75 किलो. तिला हवाही त्याच हिशोबाने देणार ना? (ठाणे)

नाही! वजन वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही, ते उंचीवर ठरतं. 5 फूट उंचीच्या बाईचं हिशोबाचं वजन साधारण 45.5 किलो, म्हणजे 6 मिलीने 273 मिली हवा, आणि 75 किलो धरले तर 450, हा फरक बेबी लंगला झेपणारा नाही. म्हणून उंची अंदाजाने लिहायची नाही, झोपलेल्या पेशंटलासुद्धा टेप लावून मोजायची.

प्रश्न : मग तो पट्टा सगळ्यांनाच का बांधत नाहीत? (गिरगाव)

पेसमेकर असेल तर सहसा लावत नाहीत, छातीला मोठं ड्रेसिंग किंवा भाजल्याची जखम असेल तर जमत नाही, आणि मशीन महाग आहे त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नाहीच. पण प्रत्येक पेशंटला त्याची गरजही नसते. श्वास भरल्यावर मशीन क्षणभर थांबवून जे प्रेशर येतं ते प्लॅटो, ते 30 च्या आत ठेवायचं, हे कुठल्याही आयसीयूत एका बटणावर होतं आणि त्याला जास्तीचा रुपया लागत नाही. पट्टा नाही म्हणून ट्रीटमेंट कमी पडतेय असं मनात आणू नका, राउंडला डॉक्टर भेटले की प्लॅटो किती आहे ते विचारा, सांगतात.