मुळशीत माझी दोन एकर निलगिरी आहे, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लाकूड उचलायची क्रेनवाली ट्रॉली चालेल का?

चालेल की, पण मुळशीतल्या दोन एकर निलगिरीसाठी विकत घेऊ नका, एकदा तोडली की पुढची तोड यायला काही वर्षं जातात आणि तोवर ट्रॉली गोठ्यामागं गंजत पडणार. चार-पाच शेतकरी मिळून घेत असाल तर मग बघा. घेताना क्रेनचा पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा आणि ऑइलची टाकी वेगळी असलेलाच घ्या, कारण आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला तेलाचा तेवढा फ्लो नसतो, क्रेनचा हात मुंगीसारखा हलतो. दुसरं म्हणजे डीलर सांगेल ६०० किलो उचलते, तर विचारा किती मीटरवर? हात जेवढा लांब जाईल तेवढी ताकद कमी. १ फूट जाडीचा, १० फुटी ओला निलगिरीचा ओंडका साधारण २२०-२४० किलो भरतो, म्हणजे पूर्ण हात लांबवून तेवढं उचललं पाहिजे. उतारावर क्रेनचे आधाराचे पाय जमिनीला टेकवल्याशिवाय क्रेन हलवायची नाही आणि हाताखाली कुणी उभं राहायचं नाही, पावसाळ्यात तर तिकडं ट्रॉली नेऊच नका. बांधावर साग असेल तर तोडायच्या आधी वनखात्याची परवानगी काढा, १९६४ चा कायदा आहे, मालकीच्या जमिनीलाही लागू होतो.