साओ पावलोत शाकाहारी मराठी कुटुंबाचं रोजचं जेवण आणि सुट्टीचे दिवस कसे जमतात?

तुम्ही विचारलंय की नोकरीनिमित्त सहकुटुंब साओ पावलोला यायचंय, घरात सगळे शाकाहारी, तर इथे डाळ-भाजी काय मिळते, भारतातून काय आणायचं आणि शनिवार-रविवारी मुलांना घेऊन कुठे जायचं. उपाशी राहाल असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मात्र दोन-तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

आधी फेइरा समजून घ्या. फेइरा म्हणजे रस्ता अडवून भरणारा आठवडी बाजार. सोमवार सोडला तर शहरात रोज कुठे ना कुठे भरतो आणि तुमच्या गल्लीजवळचा वार ठरलेला असतो. इमारतीच्या रखवालदाराला विचारलं की लगेच कळतो. ताजा माल हवा तर सकाळी नऊच्या आत जा, स्वस्त हवा तर बारानंतर. शेवटच्या तासाला ‘शेपा’ म्हणतात. तेव्हा विक्रेते ओरडून भाव पाडतात, पण टोमॅटो दाबून बघूनच घ्या. पालेभाजी जुडीवर, केळी डझनावर आणि बरीच फळं टोपलीच्या ठरलेल्या भावात मिळतात. पैसे पिक्सने देता येतात. पिक्स म्हणजे आपल्या यूपीआयसारखंच, 2020च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं. त्यासाठी बँक खातं लागतं आणि खात्यासाठी सीपीएफ क्रमांक, म्हणजे आपल्या पॅनसारखा करदाता क्रमांक, म्हणून आल्या आल्या तो काढायच्या मागे लागा. दुकानात गल्ल्यावर तुम्हाला रोज तो विचारतील. बिलावर टाकायचा नसेल तर नुसतं ‘नाँव’ म्हणा.

मराठीत पोर्तुगीज शब्द भरपूर असल्यामुळे काही खरेदी सोपी जाते आणि काही भलतीकडेच जाते. बटाटा मागितलात तर बटाटाच मिळेल. कोबी मात्र ज्या ‘कोव्ही’वरून आला, त्या नावाने इथे मोठ्या गडद हिरव्या पानांची जुडी हातात पडते. ती पानं बारीक चिरून लसणीवर परतली की मस्त भाजी होते, पण आपला गड्डा हवा असेल तर ‘हेपोल्यू’ म्हणा. पेरू मागितलात तर टर्की हा पक्षी मिळेल, तोही कापलेला. फळ हवं असेल तर ‘गोयाबा’. काजू मात्र आपल्याकडे इथूनच आला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात नेला. इथे ‘काजू’ म्हणजे आधी बोंड आणि मग बी, आणि त्याचा रस कुठल्याही साध्या खानावळीत मिळतो. गोव्याकडच्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल.

सगळ्यात जास्त फसगत कोथिंबिरीची. ‘शेइरू व्हेर्जी’ नावाची जुडी दिसायला थेट कोथिंबीर, पण साओ पावलोत त्यात पार्सली आणि कांद्याची पात असते. ईशान्य ब्राझीलमध्ये त्याच नावाने खरी कोथिंबीर मिळते. इथे ‘कोएन्त्रू’ असं स्पष्ट मागा आणि एक पान चुरडून वास घ्या. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. अळकुडीला इथे ‘इन्यामी’ म्हणतात, भेंडीला ‘कियाबू’. ‘जिलो’ हे हिरवं, वांग्याच्या जातीचं छोटं फळ कडू असतं. कारल्यासारखं मीठ लावून परतलं तर चालतं.

डाळींचं म्हणाल तर फोडलेली तूरडाळ सहज मिळत नाही. अख्खी तूर ‘ग्वांदू’ नावाने मिळते, चवळी ‘फ्राजिन्यू’ आणि छोले ‘ग्राँव जी बीकू’ नावाने. मूग जपानी वस्तीतल्या, लिबेरदाजीच्या दुकानांत सापडतो. मसूर कुठेही. रोजच्या वरणासाठी मी फोडलेले सुके वाटाणे सुचवेन, कारण ते भिजवावे लागत नाहीत. पण त्यांना फेस भरपूर येतो आणि तो कुकरची वाफेची नळी बुजवू शकतो. म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल टाका. इथला कुकर शिट्ट्या देत नाही, त्याचं वजन सतत फिरत सूं सूं करत राहतं. तेव्हा ‘तीन शिट्ट्या’ हे माप विसरा. फिरणं सुरू झालं की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा. रात्रभर भिजवलेल्या तपकिरी ‘कारिओका’ घेवड्याला 20 ते 25 मिनिटं पुरतात. हा आपल्या राजम्याच्याच जातीचा. गोडा मसाला घालून त्याची उसळ छान लागते.

डाळी, बेसन, जिरं, हळद एकगठ्ठा घ्यायला जुन्या म्युनिसिपल मार्केटच्या शेजारी, सांता होझा रस्त्याच्या आसपास घाऊक धान्यबाजार आहे. शनिवारी सकाळी लवकर जा. हळदीला ‘कूरकुमा’ म्हणतात, कुठे कुठे ‘आसाफ्राँव दा तेहा’. गूळ ‘हापादुरा’ नावाने विटेच्या आकारात मिळतो. फोडून वापरावा लागतो, पण पुरणपोळीला चालतो. बेसन घेताना ते ‘ग्राँव जी बीकू’चंच आहे ना हे पिशवीवर वाचा. तांदळाचं पीठ घेताना बघा, चिकट तांदळाचं पीठही वेगळं मिळतं. त्याच्या भाकऱ्या तव्यावर चिकटतात.

म्हणजे भारतातून फक्त हिंग, गोडा मसाला, काळी मोहरी, वाळवलेला कढीपत्ता आणि लाटणं आणा. आपल्याकडचा मिक्सर आणू नका. शहरात बहुतेक प्लगांना 127 व्होल्ट असतात, त्यावर 230चा मिक्सर जेमतेम घरघरतो. 220चा प्लग स्वयंपाकघरात असेलच असं नाही आणि प्लगची पिनही वेगळी. पोळीचं पीठ हा खरा प्रश्न आहे. इथलं ‘इंतेग्राल’ पीठ म्हणजे बहुधा मैद्यात घातलेला जाड कोंडा. ते चाळून निम्मं साधं गव्हाचं पीठ मिसळा, कोमट पाण्यात मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पोळी मऊ होते, पण आपल्या घरच्या पोळीसारखी नाही, हे आधीच मान्य करून टाका. पोहे मिळत नाहीत. त्यांच्या जागी ‘फ्लोकाँव’, म्हणजे मक्याचे जाड पोहे घ्या. दोन वाट्या फ्लोकाँवला एक वाटी पाणी आणि मीठ शिंपडून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं वाफवा आणि मग कांदा-मोहरीच्या फोडणीत परता. पनीरऐवजी ‘केइजू कोआल्यू’ तव्यावर टिकतं, वितळून जात नाही. खारट असतं, म्हणून तुकडे अर्धा तास पाण्यात ठेवा. तुपासाठी लोणी घेताना ‘सें साल’, म्हणजे बिनमिठाचं घ्या.

बाहेर खाताना ‘सें कार्नी’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढं म्हणून भागत नाही. कार्नी म्हणजे लोकांच्या मनात गाई-बैलाचं मांस. कोंबडी, हॅम, सॉसेज त्यात धरत नाहीत. घेवड्यात, परतलेल्या कोव्हीत आणि फारोफात, म्हणजे कसाव्याच्या परतलेल्या पिठात, बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. फेइराच्या टोकाला तळलेला ‘पास्तेल’ मिळतो, दिसायला मोठ्या करंजीसारखा. चीज किंवा पामच्या गाभ्याचा घ्या, सोबत ‘काल्दू जी काना’, म्हणजे साक्षात उसाचा रस. कडक शाकाहारी असाल तर विचारा की पिठात ‘बान्या’ आहे का, कारण काही जण चरबी घालतात, आणि तेल तर बहुतेक ठिकाणी एकच. दुपारी ऑफिसजवळ वजनावर जेवण देणारं ‘पोर कीलू’ सगळ्यात सोयीचं. आपल्या हाताने घ्यायचं, ताटाचं वजन करायचं. भात-कोशिंबिरीने ताट भरतं, मात्र दुधी-बीटचे पाणीदार तुकडेही वजनातच धरले जातात. बुधवारी आणि शनिवारी बहुतेक खानावळींत फेइजोआदा, म्हणजे डुकराचं मांस घातलेली काळ्या घेवड्याची उसळ असते. ती मांसाचीच, तेव्हा त्या दिवशी पिझ्झा बरा.

ब्राझीलच्या मित्राने चुराश्कूला, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या जेवणाला बोलावलं तर नाही म्हणू नका. स्वतःचं पेय, लसणाचा भाजायचा पाव, केइजू कोआल्यूच्या काड्या आणि एक अननस घेऊन जा. अननस म्हणजे ‘अबाकाशी’, दालचिनी भुरभुरून भाजतात. हे सगळं आधी, मांसाखालच्या चरबीचे थेंब पडायच्या आत भाजून घ्यायला सांगा. बोलावलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा पोचलात तरी वेळेवरच धरतात.

रविवारी पाउलिस्ता रस्ता गाड्यांना बंद असतो. मुलांच्या सायकली तिथे काढा, गाडी घरीच ठेवून मेट्रोने जा. इबिरापुएरा बाग 1954ची आहे. सकाळी दहाच्या आत पोचलात तर गवतावर सतरंजी टाकायला जागा मिळते. समुद्रकिनाऱ्यावरच्या सांतोस आणि ग्वारुजाला घाट उतरून जावं लागतं, आपल्या खंडाळ्यासारखंच. शुक्रवारी संध्याकाळी उतरू नका आणि रविवारी संध्याकाळी वर चढू नका. शनिवारी पहाटे निघून रविवारी दुपारच्या जेवणाआधी परत फिरा. त्याच किनाऱ्यावरच्या इल्याबेला किंवा उबातुबाला गेलात तर ‘बोहाशूदू’ नावाची बारीक काळी माशी पायांवर चावते आणि आठवडाभर खाजते. ओढ्या-धबधब्याजवळ लांब पँट घाला.

गाडी नसेल तर पारानापियाकाबा. इंग्रजांनी घाटमाथ्यावर वसवलेलं रेल्वेचं जुनं गाव. लाकडी घरं, घड्याळाचा मनोरा आणि बाराही महिने धुकं. 10 क्रमांकाच्या लोकल लाइनने हिऊ ग्रांजी दा सेहा स्टेशनापर्यंत जा, पुढे बस. धुकं दुपारनंतर दाटतं, म्हणून सकाळीच पोचा. स्वेटर आणि बंद बूट घाला, दगडी रस्ता निसरडा असतो. तिथल्या टपरीत कांबुसी या आंबट फळाचं सरबत मिळालं तर साखर कमी घालायला सांगा.